छोट्या इंजिनाची घरगुती दुरुस्ती

वळवाचा पहिला जोराचा पाऊस येतो, वाऱ्याने फणसाची मोठी फांदी वाटेवर आडवी पडते आणि आपण कोपऱ्यात ठेवलेला चेन-सॉ बाहेर काढतो. दोरी दहा वेळा ओढली, वीस वेळा ओढली; खांदा दुखायला लागला तरी यंत्र हूं की चूं करीत नाही. काजूच्या बागेतले रान काढणारा ब्रश-कटर असो, सुपारीवर फवारणी करणारा पंप असो, तऱ्हा तीच. मग यंत्र गाडीत घालून तालुक्याला न्यायचे, मेकॅनिकच्या सवडीची वाट पाहायची आणि ऐन हंगामातले चार दिवस घालवायचे. यातले पुष्कळसे बिघाड घरच्या पडवीत, एक प्लग-पाना, पेचकस, ब्रश आणि कानस एवढ्या सामानात दुरुस्त होतात. मात्र काही गोष्टी अशा आहेत की त्यांत चूक झाली तर यंत्र नव्हे, माणूस जातो. त्याही शेवटी सांगितल्या आहेत; त्या अवश्य वाचाव्यात.

इंजिनाला तीन गोष्टी लागतात : हवा, इंधन आणि ठिणगी. तपासणी याच क्रमाने करावी. आधी हवेची गाळणी काढून पाहावी. भुशाने व धुळीने ती तुंबली असेल तर इंजिन गुदमरते, काळा धूर सोडते. स्पंजाची गाळणी साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, पूर्ण सुकवून बसवावी. कागदाची असेल तर धुऊ नये. हलकेच झटकावी, फारच मळली असल्यास बदलावी.

नंतर प्लग काढावा. तो ओला असेल तर इंजिनात पेट्रोल जास्त झाले आहे. बटण बंद ठेवून, चोक उघडा ठेवून, प्लगशिवाय पाचसहा वेळा दोरी ओढावी आणि प्लग पुसून परत घालावा. प्लग कोरडाच असेल तर पेट्रोल वर येत नाही असे समजावे. टाकीतली गाळणी तारेच्या आकड्याने बाहेर ओढून बदलावी. रबरी नळीला चीर गेली आहे का तेही पाहावे. प्लगच्या टोकांतील फट बहुतेक चेन-सॉमध्ये अर्धा मिलिमीटर असते. प्लगबद्दल शंका असल्यास नवा घालून पाहणे हाच स्वस्त उपाय.

इंजिन सुरू होते पण पाच मिनिटांनी बंद पडते, असे झाल्यास टाकीचे झाकण किंचित सैल करून पाहावे. पुन्हा नीट चालले तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले आहे. ते साफ करून झाकण घट्ट लावावे. सैल ठेवून काम करू नये. इंजिन चालते पण जोर धरत नसेल, तर सायलेन्सरमधली बारीक जाळी काजळीने भरली असण्याचा संभव असतो.

आता तेलाविषयी. दोन-स्ट्रोक इंजिनात पिस्टनला वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधूनच. दुसरी सोय नसते. नुसते पेट्रोल घातले की थोड्याच वेळात पिस्टन व सिलिंडर एकमेकांना खरवडतात आणि यंत्र निकामी होते. पुस्तिकेत ५०:१ लिहिले असेल तर १ लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर ऑइल, २५:१ असेल तर ४० मिलिलिटर. अंदाजाने ओतू नये, मापाने ओतावे. चार-स्ट्रोक इंजिनाचे ऑइल मात्र वेगळ्या जागी असते. त्याच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळू नये.

आपल्याकडे २०२५ सालापासून बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते. पावसाळ्यात टाकी तशीच ठेवली तर पाणी व इथेनॉल खाली बसते आणि ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहते. गाळणी असते तळाशी! म्हणजे इंजिन नेमके बिनवंगणाचे पाणी ओढते. जुन्या यंत्रांतले कार्ब्युरेटरचे रबरी पडदेही त्याने कडक होतात. म्हणून महिनाभर पुरेल एवढेच मिश्रण करावे आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून, आपोआप बंद पडेपर्यंत इंजिन चालवावे.

साखळी बोथट झाली की लाकडाचे जाड तुकडे न उडता पिठासारखा भुसा पडतो. धार लावण्याआधी प्लगची टोपी काढावी, हातमोजे घालावेत. साखळीच्या मापाप्रमाणे ४, ४.८ किंवा ५.५ मिलिमीटरची गोल कानस लागते. दात्यावर आतून बाहेर, एकाच दिशेने आणि सर्व दात्यांवर सारखेच घाव द्यावेत. नाहीतर काप तिरका जातो. इंजिन मंद चालू असताना साखळी फिरता कामा नये. फिरत असेल तर मंद गतीचा स्क्रू कमी करावा. तरीही फिरली तर क्लच दाखवावा. साखळीचा ब्रेक दररोज तपासावा. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर करवत क्षणात तोंडाकडे उसळते. तेव्हा हा ब्रेकच आपला जीव वाचवतो.

आता आरोग्याच्या चार गोष्टी. पहिली : पेट्रोलची नळी तोंडाने ओढू नये. एक घोट फुप्फुसात गेला तरी जिवावर बेतते. कोणी गिळले तर उलटी करवू नये. ताबडतोब इस्पितळात न्यावे. दुसरी : चेन-सॉचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. कापसाच्या बोळ्याने कान वाचत नाहीत; कानावरची टोपणे वापरावीत. तिसरी : बंद खोलीत इंजिन सुरू करून पाहू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्ताला तो प्राणवायूपेक्षा सुमारे दोनशे पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळणे, पाय लटपटणे ही त्याची खूण. लगेच उघड्यावर यावे.

चौथी सर्वांत महत्त्वाची. पंप सुमारे सात मीटरपेक्षा खालचे पाणी वर ओढू शकत नाही. म्हणून उन्हाळ्यात पाणी खोल गेले की काही लोक इंजिनच विहिरीत उतरवतात. विहिरीत वारा नसतो, धूर तिथेच साचतो. आत गेलेला माणूस कोसळतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, त्याच्यामागे शेजारी. एका घरातून दोन-तीन प्रेते निघाल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. इंजिन विहिरीत कधीही उतरवू नये. खोल पाण्यासाठी विजेचा पाणबुडी पंपच घ्यावा. आणि कोणी आत पडलाच, तर कितीही जवळचा असला तरी मागोमाग उतरू नये. ११२ किंवा १०१ वर अग्निशामक दलाला बोलवावे.

हे शेवटचे वाक्य घरातल्या तरुण मुलांना आजच वाचून दाखवावे. मग सवडीने गाळणी धुवायला घ्यावी.