पहिली दुर्बीण घेताना: ‘पाचशे पट’ विसरा, आधी स्टँड हलवून बघा

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे शब्दांकन. वाचायला सोपं जावं म्हणून बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)

आजचा भाग तुमच्याच प्रश्नावर आहे. शब्द वेगवेगळे असतात, पण प्रश्न एकच. ‘मुलीला ग्रहताऱ्यांचं फार वेड आहे, वाढदिवसाला दुर्बीण द्यायची आहे, कुठली घेऊ?’ किंवा ‘आता निवृत्त झालोय, लहानपणापासूनची हौस आहे, कुठून सुरुवात करू?’

सगळे मॉडेलचं नाव विचारतात. मी आज नाव सांगणार नाही, कारण मॉडेलं दरवर्षी बदलतात. दुर्बीण पारखायची कशी, ते मात्र सांगतो. एकदा ते कळलं की दुकानात किंवा मोबाइलवर समोर काहीही येऊ दे, तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

आणि हे नीट ठरवायला हवं, कारण प्रश्न फक्त पैशांचा नाही. चुकीची दुर्बीण घरात आली की काय होतं बघा. पहिल्या रात्री चंद्र दिसतो, सगळे खूश. दुसऱ्या रात्री गुरू शोधायला जातात, स्टँड थरथरतो, काही सापडत नाही. चौथ्या दिवशी दुर्बीण माळ्यावर. त्या दहा वर्षांच्या मुलीला दुर्बीण वाईट आहे हे कळत नाही. तिला वाटतं, ‘हे आपल्याला जमत नाही.’ नुकसान होतं ते हे.

खोक्यावरचा आकडा

खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘५२५ पट मोठं दिसेल!’ हा आकडा येतो कुठून? दुर्बिणीचं नाभीय अंतर भागिले आयपीसचं नाभीय अंतर म्हणजे ती किती पट मोठं दाखवते. समजा ७०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण आहे आणि सोबत ४ मिलिमीटरचा आयपीस दिलाय. सातशे भागिले चार, म्हणजे १७५. त्यात तीन पटींची बार्लो भिंगाची नळी जोडली की झाले ५२५. गणित बरोबर आहे, पण दिसत काहीच नाही!

कारण कुठल्याही दुर्बिणीला एक मर्यादा असते. ढोबळ नियम असा, की पुढच्या भिंगाचा किंवा आरशाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुप्पट पटींपर्यंतच चित्र धड राहतं. ७० मिलिमीटरच्या दुर्बिणीला साधारण १४० पट. त्यापुढे चित्र मोठं होतं, पण अंधूक आणि पुसट होत जातं. मोबाइलवरचा लहान फोटो ताणून ताणून मोठा केला की जे होतं, तेच. नवीन तपशील काही येत नाही.

आणि खरं सांगू का, एवढे पट लागतही नाहीत. शनीचं कडं तीस-चाळीस पटींना वेगळं ओळखू येतं. चंद्रावरची विवरं त्याहून कमी पटींना दिसतात. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत गुरूचे चंद्र पाहिले, ते साधारण वीस पटींच्या दुर्बिणीतून.

तेव्हा जाहिरातीत सगळ्यात मोठा आकडा ‘पट’ हाच असेल, तर ती वस्तू खाली ठेवा.

मग बघायचं काय? व्यास

दुर्बिणीचं पहिलं काम प्रकाश गोळा करणं. पावसात वाटी ठेवली आणि घमेलं ठेवलं, तर पाणी कशात जास्त साठेल? तसंच हे. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली जास्तीत जास्त सात मिलिमीटरच्या आसपास उघडते. ७० मिलिमीटरचं भिंग म्हणजे व्यास दहा पट, आणि प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या हिशेबात वाढत असल्यामुळे तो शंभर पट. १३० मिलिमीटरचा आरसा ७० च्या भिंगापेक्षा जवळजवळ साडेतीन पट प्रकाश गोळा करतो. आकडे ऐकायला जवळचे वाटतात, फरक मोठा असतो.

आता भिंगाची दुर्बीण की आरशाची? छोट्या आकारात भिंगाची सोयीची. देखभाल कमी, उचलायला हलकी, ७० ते ९० मिलिमीटरमध्ये चंद्र आणि ग्रह छान दाखवते. व्यास वाढला की भिंग महाग होत जातं, आणि तिथे त्याच पैशात आरशाची दुर्बीण जास्त व्यास देते. तिचे आरसे मात्र अधूनमधून जुळवून घ्यावे लागतात. अवघड नाही, शिकता येतं. तिच्यातून चित्र उलटं दिसतं याची काळजी करू नका. आकाशात वर-खाली असं काही नसतं.

एक सावधगिरी. आरशाच्या काही स्वस्त दुर्बिणींवर नाभीय अंतर १००० मिलिमीटर लिहिलेलं असतं, पण नळी असते जेमतेम अर्ध्या मीटरची. म्हणजे नळीच्या आत एक जादा भिंग बसवून अंतर वाढवलेलं असतं. त्या भिंगाचा दर्जा बहुतेक वेळा यथातथाच असतो आणि आरसे जुळवणंही कटकटीचं होतं. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

खरी परीक्षा स्टँडची

हा आजचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. शंभर पट मोठं दिसतं म्हणजे थरथरही शंभर पट मोठी दिसते. दुकानात दुर्बीण स्टँडवर लावून घ्या, एखादी लांबची वस्तू बघा आणि नळीला हलकी टिचकी मारा. चित्र दोन-तीन सेकंदांत स्थिर झालं तर ठीक. डुलतच राहिलं तर भिंग कितीही चांगलं असो, ती दुर्बीण वापरली जाणार नाही.

शिवाय पृथ्वी थांबत नाही. शंभर पटींना ग्रह दृष्टिक्षेत्रातून साधारण दोन मिनिटांत निसटून जातो. घरातले चार जण रांगेत असतील, तर प्रत्येकाच्या पाळीला दुर्बीण जराशी सरकवावी लागते. ती लोण्यासारखी सरकली पाहिजे आणि सोडली की तिथेच राहिली पाहिजे.

म्हणूनच नवशिक्यांना डॉब्सोनियन प्रकार सुचवला जातो. आरशाची नळी, आणि ती डावी-उजवीकडे व वर-खाली फिरवणारी लाकडी पेटी. बस, एवढंच. जॉन डॉब्सन यांच्या नावावरून हे नाव पडलं, आणि त्यांची गोष्ट आपल्याला जवळची वाटावी अशी आहे. वेदान्त सोसायटीच्या मठात ते १९४४ पासून तेवीस वर्षं संन्याशी म्हणून राहिले. तिथे जहाजांच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून आरसे बनवायचे आणि रस्त्यावरच्या माणसांना आकाश दाखवायचे. दुर्बिणीच्या नादात मठातली गैरहजेरी वाढली आणि शेवटी मठ सोडावा लागला. पण फुटपाथवर दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र-शनी दाखवणं त्यांनी सोडलं नाही. दुर्बीण कुणालाही बनवता यावी, कुणालाही वापरता यावी, हा त्या साध्या पेटीमागचा विचार.

याउलट ‘इक्वेटोरियल’ स्टँड. त्याचा एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. ताऱ्यांचा माग काढायला आणि फोटोंसाठी तो उत्तम. पण आपल्याकडे अडचण अशी, की मुंबई-पुण्याहून ध्रुव क्षितिजापासून फक्त अठरा-एकोणीस अंशांवर दिसतो. समोर इमारत असली की गायब, आणि बाल्कनी दक्षिणेला असली तर प्रश्नच मिटला. परदेशी व्हिडिओंत ध्रुव चांगला चाळीस-पन्नास अंश वर असतो. तिथला सल्ला जसाच्या तसा घेऊ नका.

आपोआप तारे शोधणाऱ्या मोटारवाल्या दुर्बिणी? असू देत, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्याच किमतीत व्यास कमी मिळतो, कारण पैसे मोटारीत जातात. आणि त्यातल्या बऱ्याच दुर्बिणींना सुरुवातीला दोन-तीन तारे तुम्हीच दाखवून द्यावे लागतात. म्हणजे तारे ओळखणं काही सुटत नाही!

जागा तुमची कशी आहे?

आठ इंची डॉब्सोनियन ऐकायला भारी वाटते, पण तिचं वजन वीस किलोच्या पुढे जातं. लिफ्ट गच्चीपर्यंत जाते का? गच्चीची किल्ली कुणाकडे असते? रात्री दहानंतर उघडून मिळते का? हे प्रश्न व्यासाइतकेच महत्त्वाचे आहेत. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना १३० मिलिमीटरची टेबलावर ठेवायची डॉब्सोनियन किंवा ७०-८० मिलिमीटरची भिंगाची दुर्बीण जास्त कामाची. टेबलावरची घेतलीत तर खाली भक्कम लाकडी स्टूल हवं, प्लॅस्टिकची खुर्ची नको. अंगणवाला किंवा गावाकडे घर असलेला माणूस मात्र सहा-आठ इंचांचा विचार करू शकतो.

बंद खिडकीच्या काचेतून बघू नका. उन्हाळ्यात दिवसभर तापलेल्या गच्चीवर रात्रीही गरम हवेच्या लाटा उठतात आणि ग्रह पाण्यात पडल्यासारखे हलतात. थोडा उशीर करा. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवून हवेच्या तापमानाला येऊ द्या.

आणि पावसाळा! जूनमध्ये घेतलेली दुर्बीण दसऱ्यापर्यंत खोक्यात राहते. दमट हवेत, विशेषतः कोकणात, भिंगांवर बुरशी धरते. खरेदी दिवाळीच्या सुमारास करा. पुढे निदान सहा महिने आकाश मिळतं. पावसाळ्यात आयपीस सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा.

दिसणार काय, तेही ऐका

इंटरनेटवरचे रंगीत तेजोमेघ डोळ्यांना दिसत नाहीत. ते कॅमेऱ्याने बराच वेळ प्रकाश साठवून काढलेले फोटो असतात. देवयानी दीर्घिका राखाडी धुरकट डागासारखी दिसते. पण तो प्रकाश पंचवीस लाख वर्षांपूर्वी तिथून निघालाय, हे मुलांना सांगा आणि मग बघू द्या.

चंद्र पौर्णिमेला बघू नका, तेव्हा तो सपाट दिसतो. भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि शुद्ध पंचमी ते दशमी हे दिवस धरा. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. नवमी-दशमीला कोपर्निकस विवर पाहून बघा, मग बोलू. शनीचं कडं २०२५ मध्ये आपल्याला कडेने दिसत होतं, म्हणजे जवळजवळ नाहीसंच झालं होतं. आता ते वर्षागणिक उघडत जाईल. सप्तर्षींतल्या वसिष्ठाशेजारची अरुंधती नुसत्या डोळ्यांनी दिसते, पण दुर्बिणीतून वसिष्ठाचेच दोन तारे वेगळे होतात. लग्नात अरुंधती दाखवतात तेव्हा हे कुणी सांगत नाही!

चंद्र-ग्रहांना शहरातला उजेड फारसा आडवा येत नाही. तेजोमेघ आणि दीर्घिकांसाठी मात्र गावाबाहेर जावंच लागतं.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही बघू नका. क्षणभरात डोळा कायमचा जाऊ शकतो. आयपीसला लावायचा छोटा सूर्यफिल्टर सोबत आला असेल तर तो फेकून द्या. तो उष्णतेने तडकतो. मुलं दिवसा दुर्बिणीशी एकटी नसावीत.

मग क्रम काय?

पहिले दोन-तीन महिने पैसे खर्चच करू नका. ‘स्टेलॅरियम’ हे संगणकावरचं मोफत सॉफ्टवेअर घ्या, मृग, कृत्तिका, वृश्चिक डोळ्यांनी ओळखायला शिका. एखाद्या आकाशदर्शनाला जा. मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम करत आलंय, पुण्यात १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. तिथे चार वेगवेगळ्या दुर्बिणींतून बघायला मिळतं आणि कुठली आपल्याला झेपेल ते कळतं. वापरलेली चांगली दुर्बीणही अशाच मंडळींत मिळून जाते.

मग १०x५० ची बायनॉक्युलर, म्हणजे दहा पट आणि ५० मिलिमीटरची भिंगं. झूमवाली नको. तिच्यातून गुरूचे चंद्र दिसतात, कृत्तिकांचा पुंजका तर दुर्बिणीपेक्षा सुंदर दिसतो. मे महिन्यात वृश्चिकाच्या शेपटीजवळचे तारकागुच्छ बघा. युरोपातल्या लोकांना ते क्षितिजाशी शोधावे लागतात, आपल्याकडे चांगले वर येतात. पुढे दुर्बीण आली तरी ही बायनॉक्युलर वाया जात नाही.

आणि तरीही मुलीचं वेड टिकून असेल, तर दुर्बीण घ्या. दोन दुर्बिणींत अडलात तर स्वतःला एवढंच विचारा, थकून घरी आल्यावर रात्री नऊ वाजता यातली कुठली मी बाहेर काढेन? जी काढाल, ती घ्या.

पुढच्या भागात आयपीस आणि आरसे जुळवणं याबद्दल बोलू. गच्चीवरून काय काय दिसलं ते जरूर कळवा. तोवर, आकाश निरभ्र राहो. नमस्कार!