कापूरदाणी घेताना आतली चकती बघा

विजेची कापूरदाणी घेताय? नक्षी राहू द्या, आत तापतं काय ते विचारा. विश्रामबागच्या वालचंद कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकणारं कुणी घरात असेल, तर त्यालाच सोबत न्या!

मी पीटीसी सिरॅमिकच घ्या म्हणेन. बेरियम टायटनेटची ही चकती ठरावीक तापमानापुढे गेली की तिचा विद्युतरोध झपाट्याने वाढतो, वीजप्रवाह आपोआप घटतो. साध्या नायक्रोम तारेत ही सोय नाही. तिला थर्मोस्टॅट हवाच. कापराची वाफ 65 अंश सेल्सिअसच्या आसपासही ठिणगीने पेटू शकते, म्हणून हा आग्रह.

तडा गेलेली वाटी नको. स्वस्त झिलईत शिसं असू शकतं.

दाणी आणि कापूर, दोन्ही मुलांपासून लांब ठेवा. थोडाही कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. उलटी करवू नका, थेट दवाखाना गाठा.