बाळ रडलं होतं का?

उपकेंद्रातल्या मासिक बैठकीत आशाताई वह्या उघडून बसतात. नर्सबाई एकेका वस्तीचं नाव घेऊन विचारत जातात: गरोदर किती, जन्म किती, मृत्यू किती. तिथं बसल्यावर मला कळलं, की हे काम बेरजेचं कमी आणि खोदून विचारण्याचं जास्त आहे.

एका आशाताईंनी सांगितलं, "उपजत मृत्यू एक." नर्सबाईंनी पेन खाली ठेवलं. "बाळ रडलं होतं का? हातपाय हलवले?" आजी म्हणाली होती, एकदा रडलं नि गेलं. म्हणजे बाळ जिवंत जन्मलं होतं. नोंद नवजात मृत्यूच्या रकान्यात गेली. उपजत मृत्यू बालमृत्यूदरात धरत नाहीत. नोंद तशीच राहिली असती तर दर कमी दिसला असता, आणि त्या बाळाला श्वास घ्यायला मदत करणारं तिथं कोणी होतं का, हे विचारायचं राहून गेलं असतं.

पुढचा प्रश्न माहेराचा. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. बाळ तिथं गेलं, तर सासरच्या वहीत ते आलेलंच नसतं आणि माहेरची आशाताई म्हणते, बाई आमच्या गावची नाही. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांचंही तेच. फडावर जन्मलेलं मूल दोन्ही गावांच्या नोंदीतून निसटू शकतं.

नोंद चोख असली की काय घडतं, ते गडचिरोलीनं दाखवलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं तिथल्या 39 गावांत प्रत्येक जन्म आणि मृत्यू टिपला. हजार जिवंत जन्मांमागे 62 बाळं पहिल्या महिन्यातच दगावत होती, आणि त्यात जंतुसंसर्गाचा वाटा मोठा होता. दवाखाना लांब, आजारी बाळ घरात. म्हणून गावातल्याच बायकांना घरी जाऊन बाळ तपासायला आणि उपचार करायला शिकवलं. 1998 पर्यंत तो दर सुमारे 25 वर आला. आज देशभर आशाताई नवजात बाळाला भेटायला घरी जातात, त्यामागे हे काम आहे.

मात्र एकट्या गावाचा दर काढत बसू नये. हजार वस्तीच्या गावात वर्षाला पंधरा-वीस जन्म होतात. एक बाळ गेलं की दर पन्नासावर जातो, पुढच्या वर्षी शून्यावर येतो. गावपातळीवर एकेका मृत्यूची हकिकत ऐकावी: ताप कधी आला, गाडी कधी मिळाली, रात्र होती का. दर काढायचा तो प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सगळ्या गावांचा मिळून, तोही काही वर्षांचा. अहवालात आकडा येतो आणि हकिकत गळते, हे मला फार खटकतं. कारण रुग्णवाहिका हवी की प्रशिक्षित सुईण, हे हकिकतच सांगते.

जन्म असो वा मृत्यू, 21 दिवसांत नोंद विनाशुल्क होते. घरातलं बाळ माहेरी, फडावर, कुठंही गेलं असलं तरी आपल्या आशाताईंना सांगा. आणि ग्रामसभेत रस्त्याचा विषय निघतो तसा हाही काढा: यंदा आपल्या गावातली किती बाळं गेली, आणि कशानं?