चिठ्ठीवरचं १-१-१ आणि लेकराचा दिवस

भालकी-औरादकडचं लेकरू आजारी पडलं की बरेच जण सीमा ओलांडून उदगीर गाठतात. बसवकल्याणचे लोक उमरग्याला जातात, आळंदचे सोलापूरला. कुणी बीदरच्या ब्रिम्समध्ये, कुणी कलबुर्गीच्या जिम्समध्ये. दवाखाना कुठलाही असो, चिठ्ठी इंग्रजीत असते, औषधाच्या दुकानात समजावून सांगणारा बहुधा कानडीत किंवा दखनीत बोलतो आणि घरी औषध पाजणारी आज्जी मराठीत. एवढ्या प्रवासात '१-१-१' तेवढं शाबूत पोचतं: सकाळी, दुपारी, रात्री. पण जेवणाआधी की नंतर, दुधाबरोबर चालतं का, लेकरू झोपलं असेल तर उठवायचं का, याची उत्तरं त्या तीन आकड्यांत नसतात. दवाखान्यातून निघायच्या आधीच ती विचारून घ्यायला हवीत.

तुरीच्या राशीचे दिवस डोळ्यांसमोर आणा. आई पहाटे भाकऱ्या थापून दिवस उगवायला शेताकडे निघते आणि दिवेलागणीला परतते. लेकरू उठतं तेव्हा ती घरात नसते. चहा-बिस्कीट, मग अंगणवाडी, दुपारी वरण-भात, दोन तास झोप, आई आली की चार घास आणि आठ-साडेआठला पुन्हा झोप. या दिवसात दुपारचा डोस सगळ्यात आधी बुडतो. आज्जीला बाटलीवरची खूण दिसत नाही किंवा लेकरू नेमकं झोपलेलं असतं. अशा घरातल्या आईने डॉक्टरांना सरळ सांगावं, "दुपारी पाजणारं कुणी नाही." कित्येक अँटिबायोटिक्स दिवसातून दोनदा किंवा एकदाच देता येतात. डॉक्टरांना घरची अडचण कळली, तर औषध निवडतानाच ते त्याचा विचार करू शकतात.

दिवसातून तीनदा याचा अर्थ साधारण आठ-आठ तासांनी. तरी नेहमीच्या आजारात त्यासाठी मध्यरात्री लेकराला उठवण्याची सहसा गरज नसते. सकाळी उठल्यावर, दुपारी झोपेतून जागं झाल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी असे तीन डोस बसवले की पुरेसं अंतर पडतं. फिटांवरच्या औषधांसारख्या काही औषधांच्या वेळा मात्र काटेकोर असतात. त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हलवू नयेत.

जेवणाशी सगळ्यात घट्ट गाठ आहे ती लोहाच्या औषधाची, आणि या भागात त्याची गरजही मोठी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या ६५.५ टक्के मुलांमध्ये रक्त कमी आढळलं. २०१८ पासूनच्या 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात या वयाच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचं पातळ औषध द्यायचं ठरलं आहे. तेवढ्यात २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. बाटली घरात असते, आशाताई विचारपूस करून जाते. पण औषध पोटात गेलं तरी ते अंगी लागतं का, हे लेकराने आगेमागे काय खाल्लं-प्यालं यावर ठरतं.

सकाळच्या चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. दुधातलं कॅल्शियमही ते शोषू देत नाही. कर्नाटकात १ ऑगस्ट २०१३ पासून क्षीरभाग्य योजनेत अंगणवाडीतल्या मुलांना दूध मिळतं. ही फार मोलाची गोष्ट आहे, ती कुणी बंद करू नये. फक्त दूध आणि लोह एका वेळी पोटात जाऊ नयेत. त्यामुळे लोहाचा दिवस असेल तेव्हा दुपारचं जेवण ही सोयीची वेळ. जेवणानंतर दिलं की मळमळ कमी होते. वरण-भातावर लिंबू पिळलं तर त्यातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली गुलबर्ग्याची तूरडाळ आणि शेजारच्या इंडीची लिंबं, दोन्ही इथल्याच मातीतली. चहा-दुधात आणि औषधात किमान तासभर, जमल्यास दोन तास अंतर ठेवावं. लहान लेकराला चहा न दिलेलाच बरा.

लोहाचं औषध जिभेच्या मागच्या भागावर सोडावं आणि वर दोन घोट पाणी पाजावं, म्हणजे दात काळे पडत नाहीत. शी काळी झाली तर घाबरू नये. ताप किंवा जुलाब चालू असताना मात्र हे औषध थांबवतात आणि लेकरू बरं झालं की पुन्हा सुरू करतात.

क्षयरोगाच्या औषधाचं याच्या उलट आहे. रिफाम्पिसिन जेवणाआधी तासभर किंवा जेवणानंतर दोन तासांनी, म्हणजे रिकाम्या पोटी उत्तम शोषलं जातं. सरकारी कार्यक्रमात मुलांना वजनाप्रमाणे रोज पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या देतात. जी आई पहाटे घर सोडते तिला ही वेळ सोयीची पडते, कारण जायच्या आधी लेकराला उठवून ती स्वतः पाजू शकते. लघवी केशरी होते, ते औषधामुळे. रिकाम्या पोटी लेकरू रोज ओकत असेल, तर औषध बंद न करता दवाखान्यात सांगावं.

तापाच्या औषधात घोळ होतो तो वेळेपेक्षा मापाचा. पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या छोट्या बाटलीत बहुधा एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असतं, तर साध्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२० किंवा १२५. म्हणजे थेंब जवळजवळ चौपट तीव्र. थेंबांचं औषध सिरपच्या मापाने पाजलं तर लेकराच्या यकृतावर बेतू शकतं. दोन डोसांत किमान चार तास हवेत आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत. ताप असूनही लेकरू शांत झोपलं असेल, तर केवळ या औषधासाठी उठवू नये. पण नेहमीसारखं जागं होत नसेल, दूध ओढत नसेल, श्वास जोरात चालत असेल, तर वाट न बघता दवाखाना गाठावा.

झोपलेल्या लेकराच्या तोंडात औषध ओतणं सगळ्यात धोक्याचं, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. नाक दाबून पाजण्याची पद्धतही सोडायला हवी. लेकराला मांडीवर अर्धवट बसवावं, मापाच्या नळीने गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडावं आणि प्रत्येक वेळी गिळू द्यावं. दुधाच्या अख्ख्या वाटीत औषध कालवू नये, अर्धी वाटी उरली की अर्धा डोसही उरतो. पाजल्या पाजल्या सगळं उलटून पडलं तर पुन्हा द्यायचं का, हे औषधावर अवलंबून असतं. त्यासाठी फोन नंबर चिठ्ठीवर लिहून घ्यावा. एखादा डोस राहिला म्हणून पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये.

राहता राहिली पावडरची बाटली. उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत भरायचं, हलवायचं, फेस बसला की पुन्हा खुणेपर्यंत भरायचं. कालवलेलं औषध बहुधा सातच दिवस टिकतं. कलबुर्गीच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या फळीवर तेवढंही नाही. फ्रीज नसेल तर दुकानदाराला तसं सांगावं, कारण काही अँटिबायोटिक्स कालवल्यावर फ्रीजमध्येच ठेवावी लागतात. आणि त्याच वेळी त्याच्याकडून बाटलीवर पेनाने कालवल्याची तारीख, मिलिलिटर आणि 'जेवणाआधी' की 'जेवणानंतर' एवढं मराठीत किंवा कानडीत, घरात जे वाचता येतं त्यात, लिहून घ्यावं. वाचता येणारं कुणीच नसेल तर मापाच्या नळीवर त्याच्यासमोरच रेघ मारून आणावी.