सुरईतले शिसे

ढोकी म्हटली की लोकांना तेरणा साखर कारखाना आठवतो. पण जवळचे तेर कितीतरी जुन्या व्यापाराचे गाव. सातवाहनांच्या काळी त्याचे नाव तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात इथले सुती कापड गाड्यांतून भडोचला जाते अशी नोंद आहे. त्याच भडोचच्या बंदरात इटलीची द्राक्षाची दारू उतरत असे. नेवाशाला १९५४ ते ५६ मध्ये झालेल्या उत्खननात रोमन मद्यकुंभांचे तुकडेही मिळाले.

कुंभ मातीचे होते, पण रोमन लोक द्राक्षाचा रस आटवायला शिशाची भांडी वापरत. त्याने गोडवा वाढे, आणि तोच रस दारूत जाई.

दारू आणि शिसे यांची गाठ पुढे काचेत पडली. १६७४ साली, रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच वर्षी, लंडनच्या जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने नव्या स्फटिकी काचेचे पेटंट घेतले. लवकरच तिच्यात शिशाचे ऑक्साइड पडू लागले. काच जड झाली, चकाकू लागली, पैलू पाडायला सोपी झाली. दिवाणखान्यातल्या शोभेच्या कपाटात दिसणारे जुने क्रिस्टलचे डिकँटर, म्हणजे दारूच्या सुरया, याच घराण्यातले; त्यांत शिशाचे ऑक्साइड साधारण २४ टक्के असते.

१९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांचा अभ्यास आला. अशा सुरईत चार महिने ठेवलेल्या पोर्ट वाइनमध्ये लिटरमागे २ ते ५ मिलिग्रॅम शिसे उतरले होते. पाच वर्षांहून जास्त ठेवलेल्या ब्रँडीत ते २० मिलिग्रॅमपर्यंत गेले. भारतात पिण्याच्या पाण्याची मर्यादा आहे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम! बिनकल्हईच्या पितळेत ताक कळकते, तसाच हा प्रकार. फक्त कळकलेले ताक जिभेला लगेच समजते, इथे काहीच समजत नाही.

म्हणून वडिलोपार्जित व्हिस्की अशा सुरईत असेल, तर ती साध्या काचेच्या बाटलीत काढणे शहाणपणाचे. मात्र हे वेळेवर व्हायला हवे. वर्षानुवर्षे राहिलेल्या दारूत उतरलेले शिसे भांडे बदलून किंवा गाळून जात नाही. ती पिऊच नये, तिची किंमत कितीही असो.

काम नाजूक आहे. जुने बूच सुकून भुगा होते, म्हणून ते हळू फिरवत काढावे. तुटलेच, तर दारू कॉफीच्या गाळणकागदातून गाळावी. नवी बाटली धुऊन पूर्ण कोरडी हवी. साबणाचा वास राहिला तर सगळे वाया. मोठ्या बाटलीत अर्धी ठेवण्यापेक्षा छोट्या क्वार्टर बाटल्या गळ्यापर्यंत भराव्यात, म्हणजे हवेची जागा उरत नाही आणि चव लवकर उडत नाही. झाकण आट्याचे असावे, बाटली उभी आणि अंधारात. नाव व तारखेची चिठ्ठी लगेच चिकटवावी. व्हिस्कीचे मुरणे लाकडी पिंपातच संपते, बाटलीत ती आणखी जुनी होत नाही. इथे काळजी फक्त टिकवण्याची.

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, आणि अशी भरलेली बाटली विनापरवाना विकणे गुन्हा आहे. रिकामी सुरई मात्र मोडीत घालायचे कारण नाही. संध्याकाळी पाहुण्यांसमोर ओतून रात्री पुन्हा रिकामी केली, तर तेवढ्या वेळात काचेतून उतरणारे शिसे फार थोडे असते. जस्त किंवा बेरियम घातलेले बिनशिशाचे क्रिस्टलही आता बाजारात मिळते.