आपोआप वाजणाऱ्या पेशी

गेल्या महिन्यात आमच्या विभागातलं शेवटचं पॅच-क्लॅम्प रिग, म्हणजे एकेका पेशीची वीज मोजायचं यंत्र, उतरवलं. टेबल, मायक्रोस्कोप, तांब्याच्या जाळीचा पिंजरा, सगळं एका टेम्पोत मावलं. कारण सांगण्यात आलं की पेशींतलं कॅल्शियम अभ्यासणाऱ्या आमच्यासारख्या कॅल्शियमवाल्यांच्या कामातून पार्किन्सनच्या रुग्णांच्या हाती काही लागलं नाही. ते फार लागलं मनाला.

१९८१ मध्ये लिनास आणि यारोम यांनी गिनीपिगच्या मेंदूस्तंभातल्या इन्फीरियर ऑलिव्हच्या पेशींत दोन तऱ्हेचे कॅल्शियम प्रवाह दाखवले, तिथे या कामाचा पाया पडला. पुढची बरीच वर्षं कॅल्शियम आत सोडणाऱ्या चॅनेलांना नावं देण्यात गेली. ती सोडून देतो.

माझं दशक २००० नंतरचं, मध्यमेंदूतल्या सब्स्टॅन्शिया नायग्राच्या, पार्किन्सनमध्ये मरणाऱ्या डोपामिन पेशींचं. मेंदूचा काप काढला तरी त्या सेकंदाला दोन-तीन ठोके देतच राहतात. कॅल्शियम चॅनेल रोखणारं निफेडिपिन उजेडात खराब होतं, म्हणून अंधार करून बसायचो. काचेची नळी पेशीला टेकवायची, तोंडाने हलकेच ओढ द्यायची, आणि स्पीकरवर टक्‌ टक्‌ सुरू झालं की मग श्वास सोडायचा. दोन ठोक्यांच्या मधे सीएव्ही १.३ चॅनेलमधून कॅल्शियम झिरपतं, व्होल्टेज चढतं. ठोक्यासरशी आत आलेलं कॅल्शियम पोटॅशियमचं एसके चॅनेल उघडून पेशीला शांत करतं, म्हणून ताल टिकतो. आलेलं कॅल्शियम बाहेर फेकायला मात्र पेशीला सतत ऊर्जा खर्चावी लागते.

२००७ मध्ये सर्माइयर यांच्या गटाने मांडलं, की या पेशी ठोक्यांसाठी वयाबरोबर कॅल्शियमवर विसंबत जातात आणि ही चॅनेलं रोखणाऱ्या आयसरेडिपिन या औषधाने उंदरांतल्या पेशी वाचतात. आमच्याकडे औषध घालूनही ठोके थांबत नव्हते. तसं लिहिलं, तर एका परीक्षकाने 'तंत्र कच्चं' म्हणून लेख परत केला. नळीतलं द्रावण पेशीत शिरलं की कॅल्शियम बांधून टाकतं आणि तालच बदलतो, म्हणून तर आम्ही पेशी न फोडता बाहेरून ऐकत होतो! २००९ मध्ये सर्माइयर यांच्याच गटाने छापलं, की ही चॅनेलं बंद केली तरी ठोका चालू राहतो.

मग पार्किन्सनच्या ३३६ रुग्णांवर ३६ महिने आयसरेडिपिनची चाचणी झाली. २०२० मध्ये निकाल आला: आयसरेडिपिनने आजार मंदावला नाही. निकाल मला मान्य आहे. पण हे औषध रक्तवाहिन्यांतलं सीएव्ही १.२ही रोखतं, त्यामुळे रक्तदाब सांभाळून डोस बेताचा ठेवावा लागतो. शिवाय लक्षणं दिसेपर्यंत बऱ्याच पेशी गेलेल्या असतात. पेशी आपोआप का वाजते आणि त्यापायी किती झिजते, हा प्रश्न त्या चाचणीने सोडवलेला नाही.

एखाद्या विभागप्रमुखाच्या हाती हे पडलं, तर एवढीच विनंती: रिग भंगारात काढण्याआधी एका विद्यार्थ्याला एक दुपार त्यावर बसू द्या.