नास्कारने २०११पर्यंत जपलेला कार्ब्युरेटर

अमेरिकेत नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर १९९०च्या सुमारास हद्दपार झाला. नास्कार या मोटार शर्यतींच्या संस्थेच्या कप मालिकेत मात्र तो २०११पर्यंत टिकला! ३५८ घनइंची, म्हणजे जवळपास ५.९ लिटरचं व्ही-८ इंजिन आणि त्यावर हॉली कंपनीचा चार तोंडांचा कार्ब्युरेटर. अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथला दाब घटतो आणि पेट्रोल ओढलं जातं. ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. पेट्रोल मोजून सोडणारा कोणता जेट बसवायचा, हे त्या दिवशीची हवा बघून माणूस ठरवायचा. मला हे कसब अफाट वाटतं.

१९८७मध्ये टॅलाडेगाच्या ट्रॅकवर शर्यतपटू बॉबी ॲलिसनची गाडी उडून प्रेक्षकांपुढच्या जाळीवर आदळली. पुढच्या वर्षी तिथे आणि डेटोनाच्या ट्रॅकवर कार्ब्युरेटरखाली चार भोकांची प्लेट आली: हवा कमी, ताकद कमी, वेग कमी. २०१२ला फ्युएल इंजेक्शन आलं, तरी ही प्लेट २०१९च्या डेटोना ५०० शर्यतीपर्यंत राहिली.